खरवड

पडूका, केंटकी. धक्क्यावर सकाळचे सव्वासात.
टेनेसी इथे ओहायोत शिरते, पण आज दोघींवर धुकं,
कोण कुणात गेली ते कळायला मार्ग नाही.

माझं काम सोपं आहे, असं डेल्मर म्हणतो.
झाकण उघडायचं, नळी सोडायची, आकडा बघायचा
आणि कागदावर लिहायचं
की आत माणूस श्वास घेऊ शकतो.
खाली सही : मृदुला केळुसकर.

टाकी क्रमांक तीन, डावी.
अकरा महिने तिने जड तेल वाहिलं.
शेवटच्या थेंबापर्यंत उपसलं, हे पंपवाल्यांचं म्हणणं.
पंपाला कुठे तळ दिसतो?
वीतभर राहतंच मागे,
जानेवारीत थिजलेलं,
डांबर आणि काकवी यांच्या मधलं काहीतरी,
बार्जच्या बरगड्यांना धरून बसलेलं.

काल दिवसभर वाफ सोडली. रात्रभर पंखा.
प्राणवायू वीस पूर्णांक आठ.
पेटणारी वाफ शून्य.
सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू, तोही शून्य.
लिहिलं : सुरक्षित.

युसेबियो शिडीने उतरला, हातात पितळी खोरं.
(लोखंडाची ठिणगी पडते. पितळ गप्प राहतं.)
मग खालून आवाज
खर्र
खर्र
थोडं थांबून, खर्र.

हा आवाज माझ्या कानांना ठाऊक आहे.
बासुंदी आटली की आई उलथनं घेऊन पातेल्याला भिडायची
आणि आम्ही दोघं ताटल्या घेऊन उभे.
धाकट्याला साईचा भाग, मला करपलेला,
कुरकुर केली की म्हणायची,
खरवड खाणाऱ्याच्या लग्नात पाऊस पडतो गं.
माझं लग्न इथल्या कोर्टात झालं.
बर्फ पडला.

नऊ चाळीसला युसेबियोच्या छातीवरचं यंत्र किंचाळलं.

वर आला तेव्हा खोरं खालीच राहिलं होतं.
मुखवटा ओढून काढला, कठड्याला धरून वाकला,
बराच वेळ वाकलेलाच.
मग बोटांनी सांगितलं : बारा. अठरा.
पुढचा आकडा पाहायला तो थांबला नव्हता.

मागच्या बरगडीआड एक पापुद्रा होता,
भाकरीसारखा फुगून, आतली हवा कोंडून बसलेला.
खोरं लागलं आणि फुटला.

कागद खोटा नव्हता.
सव्वासातला तो खराच होता.
मी त्यावर आडवी रेघ मारली, वेळ लिहिली.
डेल्मर काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

पुन्हा पंखा. पुन्हा नळी.
दुपारी दोनला मुखवटा चढवून मीच उतरले.
अंधारात त्याचं खोरं सापडलं, मूठ अजून चिकट.
एकेका बरगडीमागे जाऊन
थोडं थोडं खरवडलं,
दरवेळी यंत्राकडे बघत, मनात तीस मोजत.
बावीस बरगड्या. खांदे भरून आले.
कागद त्यानंतर.
वर आल्यावर युसेबियोने माझ्या बुटांकडे पाहिलं
आणि स्वतःची रॉकेलची चिंधी पुढे केली.

संध्याकाळपर्यंत सतरा पिंपं भरली.
सकाळी त्याने बार्जच्या अंगावर, पाण्याच्या रेषेवर,
खडूने एक खूण केली होती. कुणाला न सांगता.
आता टॉर्च मारून दाखवतो : बघ, वर आली.

मी मनातच लांबी-रुंदी गुणली,
पिंपांच्या वजनाला भागलं.
पाच मिलिमीटर.
नखाएवढी, मी म्हणाले.

त्याने आपली नखं उजेडात धरली.
वाळूच्या साबणाने दोनदा घासलेली, तरी काळी.
नीट निरखली, अंगठ्याचं जरा जास्त वेळ,
आणि म्हणाला,
मग पुष्कळच की.